परस्पर दिलेल्या संध्याकाळी

पहिल्या मुलाखतीत सुनेने एक चूक केली होती. ती दुसरीच्या आदल्या दिवशी, शेंगा मोडता मोडता, उघडकीस आली.

जागा रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतली होती. लेकीच्या जन्मापासून घरात राहिलेल्या बाईला पुन्हा बोलावणे यावे, ही लहान गोष्ट नव्हे. तिला ही नोकरी इतकी हवी होती, की हल्ली भांडी घासतानाही ती रक्तपेशींचे प्रकार पुटपुटत असे. दुसऱ्या फेरीला खुद्द प्रमुख बाई बसणार होत्या. म्हणून तिने सासूबाईंना गळ घातली, "आई, तुम्हीच माझी तयारी करून घ्या."

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून सासूबाईंनी भल्याभल्या उमेदवारांना घाम फोडला होता. त्यांनी चष्मा चढवला आणि सुनेला शेंगांच्या परडीसह समोर बसवले.

"शेंगा कशाला, आई?"

"हात रिकामे असले की उमेदवार बोटं मोडत बसतो. हं, सांगा. नमुना नळीतच गोठून आला, तर काय कराल?"

"नवा मागवीन."

"डॉक्टर अंगावर धावून आले तर?"

"आले तर आले. चुकीचा आकडा कळवणार नाही."

"वा! आता, पाळी दुपारची, सुटायला रात्र होणार. घरी लहान मूल. कसं जमवाल?"

हे उत्तर पाठच होते. "घरी सासूबाई आहेत. त्या रोज सांभाळतील. काहीच अडचण नाही."

सासूबाईंनी चष्मा काढला. "हे तू तिथे सांगून आलीस?"

"हो."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

सुनेच्या हातातली शेंग हातातच राहिली. मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ सासूबाईंच्या पत्त्यांची. यमदूत आला तरी डाव संपेपर्यंत त्याला जिन्यात बसवून ठेवीन, असे त्या मैत्रिणींना बजावून असत.

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणणार नाही."

"नातीला सांभाळणं मला जड नाही गं. पण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंस तू! माझ्या संध्याकाळी, आणि वाटून मोकळी झालीस!"

आतून चिरंजीवांनी तोंड घातले. "आई, दोन दिवस पत्ते नाही खेळलीस तर काय बिघडतं?"

"दोन दिवस तू वेळेवर घरी आलास तर काय बिघडतं? ऑफिस सुटल्यावर तिथे काय खुर्च्या मोजतोस?"

चिरंजीव वरमले. शुक्रवार त्यांनी पत्करला. मंगळवारी मात्र साप्ताहिक बैठक असे, ती चुकवणे त्यांच्या हातात नव्हते. राहता राहिला मंगळवार.

"आई, मंगळवारपायी नोकरी गेली तर?" सुनेचा आवाज चढला.

"गेली तर मला फार वाईट वाटेल. पण मंगळवारी मी पत्तेच खेळेन."

सून मनातून धुमसत राहिली. स्वतःच्या सुनेपेक्षा पत्ते मोठे, असे तिला वाटत होते. पण अंथरुणाला पाठ टेकल्यावर तिला आठवले, की लग्नानंतर तिच्याही कित्येक रविवारांचा निकाल असाच कुणी कुणी लावला होता. तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते, आणि तिनेही चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रमुख बाईंनी पहिल्या फेरीचा कागद पुढे ओढला. "सहाही दिवस दुपारी याल, असं म्हणाला होतात."

"म्हणाले होते. पण तेव्हा घरी विचारलं नव्हतं. आता विचारलं आहे. पाच दिवस येईन. मंगळवारी संध्याकाळी जमणार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवले. समोरच्या खिडकीतून काचनळ्यांचा किणकिणाट येत होता. आपण हातची नोकरी घालवली, हे तिने मनोमन मानून टाकले.

"मंगळवारी पहाटे याल?" बाई म्हणाल्या. "उपाशीपोटी तपासणीला येणाऱ्यांची झुंबड असते. त्या वेळेला मला माणूस मिळत नाही."

"हो हो, घरी सासूबाई..." शब्द ओठांपर्यंत आले. तिने ते तिथेच गिळले.

"विचारून सांगते," ती म्हणाली. "आज संध्याकाळी फोन केला तर चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या, आणि मंगळवारपुढची जागा त्यांनी कोरी सोडली.