सुगत जेवत नाही

सव्वादोन वर्षांच्या सुगतने वरणभाताचा घास गालात धरून ठेवला होता. पंधरा मिनिटं झाली तरी गिळायचं नाव नाही. संजनाचं विमान उडवून झालं होतं, खिडकीतली खार दाखवून झाली होती, मोबाइलवरची गाणीही संपली होती. शेवटी तिने डोळे वटारले, तशी साहेबांनी तिच्याच ड्रेसवर पिचकारी मारली.

"लेकरू वाळून चाललंय," सासूबाई भिमाबाई दारातून म्हणाल्या. "रविवारी नांदगावला नेते मी त्याला. चार महिने राहू दे. तिकडं आपोआप खाईल."

संजनाला त्याला धाडायचं नव्हतं. पण अंगणवाडीच्या काट्यावर दोन महिन्यांत पोर पाव किलोनेही वाढलं नव्हतं, मग नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? नवरा रवी सिन्नरच्या कंपनीतून यायचा, गरम पोळ्या खायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे की." जसा काही घरातला कुलर शेजारी द्यायचाय!

रविवारी पौर्णिमा होती. कॉलनीतल्या विहारात भोजनदान होतं, ते उरकून आजी-नातू बसस्टँडला जाणार होते. संजना सवयीने वाढायला उठली, तर विहाराच्या महिला मंडळातल्या लंकाबाईंनी तिला खांदा दाबून खाली बसवलं. "लेकुरवाळ्या पहिल्या पंगतीत. इथं असंच असतं."

घरी ती सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभ्यानेच गार उरलंसुरलं पोटात ढकलायची. समोर वाफाळता मसालेभात आला आणि तिला अशी भूक लागली, की पोराचा विसरच पडला. चार घासांनंतर पाहते तो, सुगत तिच्या तोंडाकडे टक लावून बघतोय.

"आई जेवते?" त्याने नवलाने विचारलं.

आणि तिच्या पत्रावळीत हात घालून तो मुठीमुठीने भात कोंबू लागला. बटाट्याची भाजी खाल्ली. खीर मागितली.

संजनाला रागच आला. वर्षभर विमानं उडवली, गाणी म्हटली, नाकदुऱ्या काढल्या, त्या कशासाठी?

समोरच्या पंगतीतून भिमाबाई सगळं बघत होत्या. हात धुऊन त्या जवळ आल्या.

"आता नेऊन काय करू याला?" त्या म्हणाल्या. "तूच जेवत जा त्याच्यासमोर. बसून, गरम गरम."

सुगत राहिला म्हणून तिचा जीव भांड्यात पडला, पण डोळे मात्र भरून आले. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्या घरातलं कुणीतरी आज पहिल्यांदा तिला जेव म्हणालं होतं, तेही पोराने खावं म्हणून.