खाट रिकामी नाही

"सध्या खाट रिकामी नाही. पुढील महिन्यात चौकशी करावी."

हे दोन ओळींचं कार्ड सातव्यांदा हाती पडलं, तेव्हा महादेवरावांनी ते टेबलावर आपटलं. तेल्हाऱ्याच्या तहसील कचेरीतले हे शांत कारकून. दुसऱ्यांचे अर्ज लिहून देण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्यांचाच अर्ज कुठल्या गठ्ठ्यात दबला होता देव जाणे! १९६१ साल होतं. त्यांची बायको जमुना हिला क्षय झाल्याचं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून ते सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या इस्पितळात, जागा मागत होते.

तोवर जमुना घरामागच्या गोठ्यात होती. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. सासू मैनाबाई भाकर दाराशी ठेवायची आणि लगबगीने मागे सरायची. चार वर्षांच्या बेबीला तिकडे फिरकायचीही बंदी होती.

त्याच आठवड्यात अकोल्याच्या दवाखान्यातल्या नर्स दुर्गाबाई चौकशीला आल्या. जमुना औषध न्यायला एकदाही आली नव्हती. महादेवराव त्यांच्यावरच तडकले.

"बाई, सात महिने झाले, जोडे झिजवून राहिलो! कोणी दाद देत नाही. जागा नाही तर माणसानं मरावं काय?"

"जागा कायले पाहिजे?" दुर्गाबाई म्हणाल्या. "औषध अकोल्यालेच भेटते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगतलं होतं ना?"

"घरात ठेवून क्षय बरा होते काय कुठं? अन् घरात लेकरू आहे!"

"होते. मद्रासले डॉक्टरांनी तपासून पाहिलं. काही रोगी सॅनेटोरियममध्ये ठेवले, काही गरिबाच्या खोलीत, घरच्यांजवळ. औषध दोघांलेही तेच, एक वर्ष. घरचेही जवळपास तितकेच बरे झाले. अन् त्याइच्या घरच्या लेकरांले जास्त लागण झाली नाही. हा रोग खोकल्यातून लागते, महादेवराव, ताटातून नाही. लागायचं ते बहुतेक औषध सुरू व्हायच्या आधीच लागते. म्हणजे तुमी जे सात महिने वाट पाहत बसले, तेच धोक्याचे!"

दुर्गाबाईंनी गोठ्याच्या दाराशी ठेवलेल्या तांब्याकडे पाहिलं.

"असा वेगळा तांब्या मले लांबून ओळखू येते. आमच्या बापाले रोग नव्हता, तरी जातीपायी जनमभर तोच वाट्याले आला. एक विचारू? तुमाले बायको बरी करायची आहे, का घराबाहेर करायची आहे?"

महादेवरावांना चपराक बसल्यासारखं झालं. सात अर्ज! एकाही दिवशी ते औषध आणायला अकोल्याच्या बसमध्ये बसले नव्हते. कचेऱ्यांवर संताप करता करता आपल्याच घरात काय चाललंय, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं!

ते तडक गोठ्यात गेले. "चाल जमुना, घरात चाल."

जमुनाने मान फिरवली. "आता काहून? पोरगी मले पाहून भेते. बुढीनं बोलावलं तर येईन, नाही तर इथंच बरी हावो मी."

मैनाबाई अंगणात उभी राहून ऐकत होती. ती खेकसली, "तोंडाले पदर लावून खोकलशीन ना? मंग ये. खिडकीजवळ टाकतो खाट."

पुढचं वर्षही सोपं गेलं नाही. दर पंधरा दिवसांनी अकोल्याची खेप, कडू औषधाने जमुनाला मळमळ. थुंकी डब्यात घेऊन जाळायची. चौथ्या महिन्यात तिच्या अंगावर मांस चढलं, तशी ती म्हणाली, "आता बरी झाली मी. बस झालं." तेव्हा दुर्गाबाईंनी तिला असं फैलावर घेतलं, की पुन्हा तिने एकही गोळी चुकवली नाही. वर्ष सरलं. थुंकीत जंतू उरले नव्हते! बेबीही आईच्या कुशीत झोपू लागली होती.

पण फुप्फुसाचा एक भाग कायमचा गेला. विहिरीवरून घागर आणताना जमुना आजही दोनदा थांबते, आणि प्रत्येक वेळी महादेवरावांना ते सात महिने बोचतात.

बंधुभगिनींनो, शास्त्रज्ञ दूर कुठे तरी खपतात आणि औषध शोधून काढतात. ते आपल्या गावाच्या बसस्टँडपर्यंतही येतं. तिथून घरापर्यंतची वाट भीतीने अडवलेली असते, आणि ती मोकळी करण्यासाठी कुठल्याही कचेरीत अर्ज करावा लागत नाही. रोग्याला दूर लोटू नका. त्याला औषध द्या, पूर्ण मुदतीपर्यंत द्या, आणि आजच द्या!