भिंगरीची टेस्ट

आमची भिंगरी पास झाली. पहिल्याच फटक्यात. रिपोर्ट हातात आहे, त्यावर सही आहे, शिक्काही आहे.

तर हे काही झालेलंच नाही. यावर आमच्या घरात एकमत आहे (आमच्या घरातलं हे पहिलंच), तेव्हा तुम्हीही कृपया तसंच धरून चाला. भिंगरीची तपासणी अजून व्हायचीय. खासगीत करायची की सरकारीत, एवढंच काय ते ठरायचंय.

भिंगरी म्हणजे माझी भाची. वय वर्षं सहा. आनंद झाला की स्वतःभोवती फिरते, म्हणून भिंगरी. वर्गात गलका वाढला की कानांवर हात आणि तोंडाला कुलूप. बाईंनी तिला पुस्तकांच्या कपाटामागे एक बाक दिलाय. तिथे बसून ती सगळ्यांच्या आधी गणितं संपवते आणि उरलेल्या वेळात कपाटाचे स्क्रू मोजते. पण शाळेने ताईला बोलावून सांगितलं, "ऑटिझमची तपासणी करून घ्या. नव्या सत्रापासून रिपोर्टशिवाय असा वेगळा बाक देता येणार नाही." नवं सत्र दोन महिन्यांवर. ताईला सोनंनाणं नको होतं, बंगला नको होता. तिला तो बाक हवा होता.

सरकारी रुग्णालयात नंबर सात महिन्यांनी. पण तिथे तिघंजण मिळून तीनदा बघतात, शिवाय शाळेत येऊनही बघतात. खासगीत याच गुरुवारी, पाऊण तासात. वर वाट बघताना समोर काचेच्या पेटीत मासे.

"खासगीत जा," बाबा म्हणाले. "सरकारीचं मला सांगू नका. मी आत होतो."

बाबा म्हणजे भिंगरीचे आजोबा. एकतीस वर्षं त्यांनी आरटीओत वाहन परवान्याच्या टेस्ट घेतल्या आणि माणसं नापास केली. इंडिकेटर न देता शिंकलेला माणूसही त्यांनी घरी पाठवलाय. अजून रस्त्यात ते दिसले की लोक ओळख देत नाहीत, फक्त वेग कमी करतात.

घोळ झाला तो एका शब्दाने. खासगी दवाखान्यातून फोन आला, "गुरुवारी अकराला टेस्ट आहे." फोन बाबांनी घेतला होता.

"माझी नात, आणि तयारीशिवाय टेस्टला?" असं म्हणून त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या.

"समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. चार सेकंद. मग नजर डावीकडे. मग परत डोळ्यात."

"का?" भिंगरीने विचारलं.

"नियम आहे."

इथेच सगळं संपलं. भिंगरीला नियम दिला की ती तो मोडत नाही, वाकवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मोडूही देत नाही.

"आणि कितीही हॉर्न वाजले तरी स्टिअरिंग सोडायचं नाही. हात गुडघ्यांवर. घट्ट."

"बाबा, अहो काय चाललंय?" ताई स्वयंपाकघरातून ओरडली.

"तू तुझं बघ. तुलाही मीच शिकवलंय."

"म्हणूनच मी अजून रिक्षाने जाते!"

गुरुवारी भिंगरी आत गेली, मागोमाग ताई आणि मी. डॉक्टरीणबाईंकडे चार सेकंद बघितलं. नजर डावीकडे. परत डोळ्यात. "तुम्ही कशा आहात?" असं विचारलं. बाहेर कुणीतरी औषधांचा ट्रे पाडला, मी स्वतः खुर्चीवरून उडालो, पण भिंगरीचे हात गुडघ्यांवरून हलले नाहीत. रिपोर्ट आला: लक्षणं आढळली नाहीत. बाबांनी जिना चढता चढता चार मजल्यांना सांगितलं, "पास!" चौथ्या मजल्यावर तर कुणी राहतही नाही.

भिंगरी घरी आली ती थेट पलंगाखाली गेली. दोन दिवस एक अक्षर नाही. जेवायला बाहेर यायची, पण डावा हात गुडघ्यावरच.

तिसऱ्या दिवशी पलंगाखालून आवाज आला, "आजोबा, स्टिअरिंग आता सोडू?"

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी घडी घातली. मग उगाच परत उलगडली.

"सोड गं बाई," ते म्हणाले. "गाडी कधीच थांबलीय."

ताई पलंगाजवळ येऊन बसली. "बाबा, तिला पास व्हायचंच नव्हतं."

"म्हणजे नापास करायची होती?"

"काहीच करायचं नव्हतं! ती जशी आहे तशी त्यांना बघू द्यायची होती. आता हा कागद शाळेत दिला, की बाक गेला."

बाबांनी रिपोर्ट मागितला. खिशातून लाल पेन काढलं. "शिकवणारा शेजारी बसून स्वतःच ब्रेक दाबत असेल, तर ती टेस्ट धरत नाहीत. नियम आहे." आणि त्यांनी कागदावर तिरकं लिहिलं 'रद्द'. खाली सही, हुद्दा, तारीख. निवृत्तीनंतरचा त्यांचा पहिला निकाल, आणि तोही स्वतःच्याच विरोधात.

मग आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "आधी कुठे दाखवलंय?"

ताईने बाबांकडे बघितलं. मी छताकडे.

"दाखवलंय," बाबा म्हणाले. "मी पढवून पाठवली होती. चूक माझी."

"सगळेच आजोबा पढवतात. त्याला वेगळा रकाना नाही." बाईंनी शिक्का मारला. "सात महिने."

"आणि तोपर्यंत शाळेतल्या बाकाचं?" ताईने खिडकीत वाकून विचारलं.

"त्यात आम्ही काय करणार? अर्ज द्या."

पुढचा माणूस कोपराने ढकलत होता. बाबा बाजूला झाले, भिंतीला कागद लावला आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. भिंगरी शेजारी स्वतःभोवती फिरत होती, आणि एकदाही त्यांनी तिला "नीट उभी राहा" म्हटलं नाही. अर्ज पुढीलप्रमाणे:

प्रति, मा. अधीक्षक.

विषय: मधले पाच महिने रद्द करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, शाळेचे नवीन सत्र दोन महिन्यांनी सुरू होत असून माझ्या नातीचा क्रमांक आपल्याकडे सात महिन्यांनी आहे. सबब, मधले पाच महिने आपल्या अधिकारात रद्द करण्यात यावेत. प्रशासकीय कारणास्तव ते शक्य नसल्यास, तोपर्यंत संबंधित मुलीचे वय, इयत्ता व कपाटामागील बाक जैसे थे ठेवण्याचे आदेश काळास द्यावेत व त्याची एक प्रत आम्हास पाठवावी, ही नम्र विनंती.