कणभर खाली

आमच्या घरात संगीत शिकवण्याच्या दोन पद्धती आहेत. एक माझी आणि एक चुकीची. चुकीची पद्धत माझ्या नणंदेची. ती आतल्या खोलीत व्हायोलिन शिकवते, मी बाहेरच्या खोलीत गाणं शिकवते, आणि मधल्या भिंतीने आमच्या दोघींचं जेवढं ऐकून घेतलं आहे तेवढं माझ्या नवऱ्यानेही घेतलेलं नाही.

नणंदेकडे विद्यार्थी पहिल्याच दिवशी काहीतरी वाजवून घरी जातो. ते गाणं असतं की दाराची बिजागरी, हे विचारायचं नाही. "वहिनी, हात तर चालू दे त्याचा. सूर येईल मागून," हे तिचं ठरलेलं उत्तर. सूर म्हणजे काय उशिरा येणारा पाहुणा आहे? माझ्याकडे पहिले कित्येक आठवडे गाणंच नसतं. डोळे मिटून एक सूर ऐकायचा, ऐकून ऐकून कंटाळा आला की मग तो लावायचा, आणि चुकला की पुन्हा ऐकायचा. ज्यांना हे झेपतं ते गायला लागतात. ज्यांना झेपत नाही ते भिंतीपलीकडे व्हायोलिन शिकतात.

हे सगळं मी कानाच्या जोरावर करते. लिफ्टची घंटा, फ्रिजची घरघर, खालच्या मजल्यावरच्या माणसाचं शिंकणं, सगळं मला सुरांतच ऐकू येतं. गाणाऱ्याचा सूर कणभर जरी हलला तरी मला बसल्या जागी टोचतो. त्याबद्दल मला गर्व आहे, आणि तो मी कधी लपवलेला नाही.

पण धास्तीही आहे. माझे वडीलही गाणं शिकवायचे. म्हातारपणी त्यांचा कान गेला. म्हणजे ऐकू सगळं यायचं, पण सूर कळेना. नीट गाणाऱ्याला ते मधेच थांबवायचे आणि बेसूर गाणाऱ्यासमोर मान डोलवायचे. शिष्य आदरापोटी गप्प बसायचे, आणि मग एकेक करून यायचे बंद झाले. हल्लीच्या पोरांना चिकाटीच नाही, असं वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्यांना खरं काय ते सांगायला कोणाचीच जीभ रेटली नाही.

म्हणून नणंदेकडून मी फार पूर्वीच वचन घेऊन ठेवलं होतं. "ज्या दिवशी माझा कान जाईल, त्या दिवशी मला तोंडावर सांगायचं. आडपडदा नको, गोडीगुलाबी नको."

"अगं, मी वाटच बघतेय त्या दिवसाची," ती म्हणाली होती.

आणि आता तो दिवस आला आहे, असं मला वाटायला लागलं.

सुरुवात झाली ती डॉक्टरणीपासून. ही माझी विद्यार्थिनी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना 'आ' करायला लावते आणि माझ्यासमोर बसली की स्वतःचं तोंड उघडत नाही. पण सुराला पक्की. तर ती त्या दिवशी मला खाली वाटली. कणभरच, पण खाली. "वर ये," मी म्हणाले. ती वर आली, तर कीबोर्डशी जुळेना. तिने माझ्याकडे पाहिलं, कीबोर्डकडे पाहिलं आणि गुपचूप पुन्हा खाली गेली. नंतर शाळकरी मुलगी आली, जिला मी तिच्या आवाजामुळे कुजबुज म्हणते. तीही खाली. पुढच्या आठवड्यात सगळेच खाली. एखादा विद्यार्थी घसरला तर समजू शकते, पण सगळ्यांनी मिळून ठरवून थोडंच घसरायचं असतं?

सगळ्यांत वाईट म्हणजे तो कीबोर्डही मला उतरलेला वाटायला लागला. माझ्या जुन्या पेटीचा भाता फाटला तेव्हा मुलाने हा आणून दिला होता. मी त्याच्या फक्त पट्ट्यांना हात लावते. त्याच्यावर जी बटणांची जत्रा आहे ते खातं नणंदेचं. तीच तो पुसते आणि रोज सकाळी चालू करून ठेवते. एका दुपारी घरात कोणी नसताना मी डोळे मिटले आणि नुसत्या आठवणीने सा लावला. जन्मभर लावते तोच, काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा. मग डोळे उघडून काळी चार दाबली. पट्टी माझ्यापेक्षा खाली बोलली. तीन-चारदा करून पाहिलं, दर वेळी तेच. आता पेटी उतरू शकते, तार उतरू शकते, पण विजेवर चालणारं यंत्र कसं उतरेल? त्याला ना ऊन लागतं ना म्हातारपण येतं. मी आणि ते यंत्र, दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि त्यात वय झालेली मी होते. मी कीबोर्डवर कापड टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओटा घासत बसले. तो आधीच स्वच्छ होता.

त्यातच नणंद विचित्र वागायला लागली. माझी शिकवणी चालू असताना ती स्वतःची शिकवणी ठेवेना. कधी ठेवलीच तर आतलं दार लावून घ्यायची, आणि दारावर तिने एक जाडजूड पडदाही टांगला. माझ्याशी भांडेना. "तुझ्या त्या नव्या पोराने आज व्हायोलिन वाजवलं की कापलं?" असं मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाली, "हो गं, अजून यायचंय त्याला." ही बाई माझ्याशी गोड बोलतेय म्हटल्यावर माझ्या पायाखालची जमीनच सरकली. वडिलांशी लोक असंच गोड बोलायचे.

मी कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. त्याने कानाला यंत्र लावलं, टिकटिक ऐकवली आणि वयाच्या मानाने कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं. वडिलांनाही टिकटिक ऐकू येत होतीच की.

शेवटी एका सकाळी चहा घेताना मी सांगून टाकलं. "मी शिकवणं बंद करतेय. आज ज्यांची शिकवणी आहे त्यांना सांगते आणि मोकळी होते."

नवऱ्याने बिस्किट चहात बुडवलेलं तसंच धरून ठेवलं. "का? काय झालं?"

"कान गेला माझा. सगळं उतरलेलं ऐकू येतंय."

"मला तर सगळं आहे तसंच ऐकू येतंय," ते म्हणाले.

"तुम्हाला भुईचक्र पेटवलं तरी तसंच ऐकू येईल. तुम्ही बिस्किट सांभाळा." बिस्किट तोवर कपात पडलं होतं. मी नणंदेकडे वळले. "आणि वन्सं, तुम्ही चांगलं पाळलंत हो वचन. इतके दिवस माहीत होतं ना तुम्हाला?" मी तिला अहो-जाहो केलं की घरात सगळे भांडी आवरायला घेतात.

नणंदेने कप खाली ठेवला. ती उठली, माझा हात धरला आणि मला बाहेरच्या खोलीत घेऊन आली. "लाव तुझा सा," म्हणाली.

"कशाला आता..."

"लाव म्हणते ना!"

मी लावला. तिने काळी चार दाबली. खाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने त्या जत्रेतलं एक बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिली, आणि दुसऱ्या हाताने पट्टी वाजवत राहिली. सूर हळूहळू वर चढत आला आणि माझ्या आवाजाला येऊन असा चिकटला की दोन्ही वेगळे ऐकूच येईनात.

"ही खरी काळी चार," ती म्हणाली. "मी उतरवत होते. दर दोन-चार दिवसांनी कणभर. तुला कळणार नाही असं वाटलं मला."

मी आधी रडले. एवढ्या मोठ्याने रडले की नवरा चहाचा कप घेऊनच धावत आला. मला काही झालेलं नव्हतं! महिनाभर मी रोज सकाळी एकेका विद्यार्थ्याचा मनातल्या मनात निरोप घेत होते, आणि माझा कान होता तिथेच शाबूत होता. छातीवरचा धोंडा कोणी उचलून नेल्यासारखं वाटलं. पोटभर रडून झाल्यावर मग मला राग आला.

"मेले, मी वेडी व्हायची बाकी होते! आणि ते दार, तो पडदा?"

"माझं व्हायोलिन खऱ्या सुरात असतं ना. भिंतीतून ऐकलं असतंस तर लगेच पकडलं असतंस."

"पण कशासाठी केलंस हे?"

 नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि ते कप ठेवायला म्हणून आत निघून गेले. त्यांना सूर कळत नाही, पण वेळ कळते.

"वहिनी, तुला वरचा सूर पोचत नाही गं आता," नणंद म्हणाली. "वरची ओळ आली की तू पाणी प्यायला उठतेस. नाहीतर खोकतेस. नाहीतर खिडकी लावायला जातेस. मागे कुजबुजला ती ओळ दाखवायला गेलीस आणि आवाज फाटला. पोरगी मान खाली घालून बसली होती. मला बघवेना. म्हटलं, पट्टी थोडी खाली आणली तर तुला सोपं जाईल आणि कळणारही नाही."

"आणि वचन? तोंडावर सांगायचं ठरलं होतं!"

"कान गेला तर सांगायचं ठरलं होतं. कान कुठे गेलाय? आवाजाबद्दल तू काहीच बोलली नव्हतीस."

 मी वाद घालणार होते, पण ती म्हणत होती ते खरं होतं. मला वाटायचं, घसा कोरडा पडतो. वाटायचं, खिडकीतून वारा येतो. दुसऱ्यांचा कणभर सूर पकडणाऱ्या बाईने स्वतःचा फाटलेला आवाज कधी ऐकलाच नव्हता.

आवाज गेला म्हटल्यावर गाणाऱ्या बाईने खरं तर हाय खायला हवी. मला हसू फुटलं. जन्मभर वापरलेला आवाज, थकला तर थकला. गाणं मी माझ्यापुरतं खालच्या पट्टीत गाईन. पण मी शिकवते ते कानाने, आणि तो जागेवर आहे, ही खात्री माझ्या नणंदेने स्वतःच्या मूर्खपणाने मला करून दिली होती. तिने उतरवलेला कणन् कण मला टोचला होता.

"एवढं एवढंसं उतरवलं तरी कळलं तुला?" ती म्हणाली. तिच्या तोंडून कौतुक ऐकायची मला सवय नाही, त्यामुळे मी लगेच तिला तो पडदा काढायला पिटाळलं.

संध्याकाळी डॉक्टरीण आली. नेहमीप्रमाणे सुरुवात झाली. वरची ओळ जवळ आली तसा माझा हात सवयीने पाण्याच्या भांड्याकडे गेला. मी तो मागे घेतला.

"हे बघ," मी म्हणाले, "माझा आवाज आता इथवरच जातो. याच्या वरचं मला गाऊन दाखवता येणार नाही. तू गायचं, मी ऐकणार."

तिने चमकून पाहिलं. मग तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. "बाई, मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "तुम्ही वर ये म्हणायचात आणि मी वर आले की कीबोर्डशी जमायचं नाही. मी गाणं सोडायचं म्हणत होते."

 या बाईला मी जवळजवळ घालवलीच होती. तिला मी सगळं सांगितलं, नणंदेची कारागिरीही सांगितली. ती पोट धरधरून हसली, आणि आतल्या खोलीतून, आता उघड्या असलेल्या दारातून, "मी ऐकतेय हं!" असा आवाज आला.

मग डॉक्टरीण गायला लागली. वरची ओळ मी गायली नाही. हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून नुसती बसले. ती चढत गेली, सुरावर पोचली आणि थांबली.

"कणभर खाली," मी म्हणाले.

तिने पट्टी दाबून पाहिली. तिचा सूर खरंच खाली होता.