मोलकरीण कुणाला म्हणता?

रोमानियातल्या कॉन्स्टान्त्साच्या संग्रहालयात समुद्राकडच्या दालनात मी राखणीला बसायचे. तिथे १९३३ सालचं एक चित्र होतं. बाल्चिक गावातली चुन्याची भिंत, भिंतीपुढे हिरवा रुमाल बांधलेली मुलगी, हातात अंजिरांची थाळी. खालच्या पट्टीवर लिहिलेलं: ‘तुर्की मोलकरीण’.

शहात्तर सालच्या एका मंगळवारी साठीच्या एक बाई आल्या. पट्टी वाचली आणि थेट माझ्याकडे वळल्या.

“मोलकरीण कोण गं?”

“ती चित्रातली.”

“चित्रातली म्हणजे मी. नाझिरे. आणि तुर्की नाही, तातार. घर आमचं, अंजिराचं झाड आमचं. तो चित्रकार आमच्या माडीवर भाड्याने राहायचा. खायला अंजिरं नेऊन दिली, तर म्हणे अशीच उभी राहा. उन्हात दोन तास उभं केलं मेल्याने!”

त्यांनी डावा हात पुढे केला. करंगळीचं टोक नव्हतं. चित्रातही नव्हतं. अकरा वर्षं मी त्या चित्रासमोर बसत होते, आणि माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

मी त्यांना संचालकांकडे नेलं. झाम्फिरसाहेबांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. “नोंदवहीत मोलकरीण आहे. नोंद तज्ज्ञांनी केलीय.”

“तज्ज्ञ आमच्या घरी आले होते का?”

“बाई, तुम्ही जा.”

नाझिरेबाई गेल्या, पण रोज येऊ लागल्या. तिकीट काढायचं, चित्राशेजारी उभं राहायचं आणि येईल त्याला सांगायचं, “ही मी. पट्टी खोटी आहे.” साहेबांनी पोलिसांची भीती घातली. “बोलवा की,” त्या म्हणाल्या, “त्यांनाही दाखवते.”

बुखारेस्टहून पाहुणे यायचे होते, त्या सकाळी साहेबांनी मला बजावलं, “वेतुरिया, आज ती आत दिसली तर तुझी खैर नाही.”

मी हो म्हटलं. पण त्या दारात आल्या, आणि त्यांना परत पाठवायला माझी जीभ रेटेना. मी दार उघडलं. नुसतं उघडलं नाही, माझी खुर्ची चित्राखाली सरकवली आणि म्हटलं, “बसा, आजी.”

पाहुणे आले. नाझिरेबाई उठल्या, हात चित्राशेजारी धरला. पाहुण्यांतल्या एक बाई पुढे वाकल्या, एकदा करंगळी, एकदा चित्र, पुन्हा करंगळी. मग साहेबांना म्हणाल्या, “मग हिचं नाव का नाही इथे?”

साहेब घाम पुसत म्हणाले, “चौकशी चालू आहे.”

“खोटं आहे,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “यांनी साधा हातसुद्धा पाहिला नाही.”

दुसऱ्या दिवशी माझी बदली झाली, तळमजल्यावर, लोकांचे कोट सांभाळायला. नवी पट्टी लागायला मात्र वसंत उजाडला. ‘नाझिरे, बाल्चिकची तातार मुलगी.’ ती मला नाझिरेबाईंनीच हात धरून जिना चढवत नेऊन दाखवली. साहेब वाटेत आडवे आले.

“कोटांजवळ कोण आहे?”

“कुणी नाही,” मी म्हटलं आणि वर चढत राहिले.