आठ वाजताचा आकडा

"हात गार असला तर पोट खोटं बोलतं, बाई. आधी हाताला ऊब येऊ दे…"

थोरल्या सिस्टरांना निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण कागदी टेपची गुंडाळी उलगडली की तो आवाज अजून कानाशी येतोच. घोगरा, अर्धा रागावलेला, अर्धा अंगाईतला. टेप बोटभर रुंदीची, पांढरी. सोडली की लगेच स्वतःभोवती गोल होणारी, जणू तिलाही एवढ्यात जगात यायचं नव्हतं. कच्च्या बाळांच्या वॉर्डातल्या या सिस्टरने तळहात एकमेकांवर चोळले. खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन काचेच्या पेट्यांवरून घरंगळत होतं, यंत्रं आपापल्या सुरात टिकटिकत होती, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत रेललेल्या आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून, पैलवान झोपला होता.

पैलवान हे वॉर्डाने ठेवलेलं नाव. अकरा आठवडे आधी आलेला, नऊशे ऐंशी ग्रॅमचा, पण मुठी अशा आवळलेल्या की आत्ता शड्डू ठोकेल. काल अकराशे चाळीस भरला, तेव्हा ती घरी जाऊन नवऱ्याला आधी तेच सांगत सुटली, चपला काढायच्याही आधी. आणि तो म्हणाला, एवढं वजन माझं वाढलं असतं तर तू जेवण बंद केलं असतंस. ती हसली होती. आजही आठवून हसली. बरं चाललं होतं सगळं… फार बरं.

अशा कच्च्या बाळांच्या आतड्याचा मात्र भरवसा नसतो. दूध अंगी लागतंय म्हणावं आणि एखाद्या दिवशी आतडं सुजतं, काळं पडतं, फुटतंसुद्धा. ते टळावं म्हणून पैलवानाला तोंडातून पोटात गेलेल्या दोऱ्याएवढ्या नळीतून सकाळ-संध्याकाळ अँटिबायोटिकचे थेंब. मोठ्या डॉक्टरांनी आईला पहिल्याच दिवशी समजावलं होतं, की हे थेंब म्हणजे चिलखत नव्हे, छत्री आहे. वादळात छत्री उलटतेही. आणि गरजेपेक्षा जास्त दिवस दिले तर पोटातले भले जंतूही मरतात, वाईट तेवढे निर्ढावतात. म्हणून दिवस मोजून ठरवलेले. आज शेवटचा. आणि रोज दर चार तासांनी बेंबीच्या रेषेत पोटाचं माप… कारण आतडं बिघडलं तर आधी पोट फुगतं.

तिने टेप पुढे केली तशी आईने मान हलवली. आई शिवणकाम करणारी, बोटांना सुयांच्या खुणा.

"आत्ताच डोळा लागलाय हो त्याचा," ती कुजबुजली. "मागचाच आकडा लिहा ना, सिस्टर. ओळखीच्या गिऱ्हाइकाचं मी मागचंच माप धरते. आणि थेंब चालू आहेतच की."

थेंब चालू आहेतच की.

हेच… अगदी हेच. अकरा वर्षांपूर्वी कोणी म्हटलं नव्हतं, मनातल्या मनात तिनेच स्वतःला म्हटलं होतं. अशीच सकाळ, याच खिडकीजवळची पेटी, रात्रभर रडून नुकतं शांत झालेलं बाळ, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा टिपका. उठवायचं जिवावर आलं. पहाटे चारच्या रकान्यात वीस सेंटीमीटर होते. थेंब सुरू होऊन पाच दिवस झालेले. मग होणार काय? आठच्या रकान्यात वीस लिहिले. पेन टोचलंसुद्धा नाही कागदाला… आणि बाराला साडेतेवीस. पोट ढोलासारखं, कातडी चमकणारी. धावपळ, शस्त्रक्रिया, निम्मं आतडं गेलं. बाळ वाचलं, पाच महिन्यांनी घरी गेलं, काडीसारखं, पण गेलं. निघताना त्याच्या आजीने तिचेच हात डोळ्यांना लावले. त्या हातांचं काय करावं, ते तिला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. खरं सांगायचं उद्यावर गेलं, उद्याचं परवावर, आणि मग कोणी विचारेनासंच झालं. न विचारलेल्या गोष्टीला दार कुठून करायचं?

"नाही गं," ती आईला म्हणाली, "तुझं गिऱ्हाईक चार तासांत वाढत-घटत नाही. माझं वाढतं."

तिने टेप हळूच पाठीखालून सरकवली. पैलवानाने एक डोळा उघडला, जगाकडे एकदा नापसंतीने पाहिलं, जांभई दिली. साडेएकवीस. पहाटेही साडेएकवीस. तळहाताखाली पोट मऊ, जाईच्या पाकळीसारखं श्वासासरशी हलणारं. एवढ्याशा पोटात केवढं शांत गाव वसलेलं, असं तिच्या मनात आलं, आणि एकदम भरून आलं तिला. कोणतंही दुःख नसताना.

राऊंडला मोठे डॉक्टर आले, सोबत महिन्यापूर्वीच रुजू झालेली डॉक्टर मुलगी. तिने चटचट सांगितलं: दूध पचतंय, पोट मऊ, थेंबांचा कोर्स आज पूर्ण, बंद करूया. मोठे डॉक्टर पैलवानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, आणखी आठ दिवस देऊ.

मुलीने जरा चाचरत विचारलं, जास्त दिवसांचा धोका सरांनीच शिकवला होता ना. आईने मात्र सुटकेचा श्वास सोडला. छत्री आणखी आठ दिवस मिळत होती.

आणि डॉक्टरांनी ती गोष्ट सांगायला घेतली. प्रत्येक नव्या डॉक्टरला ते ती सांगत. सांगून सांगून नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालेली. याच वॉर्डात एक बाळ होतं… आठ वाजता पोट वीस, बाराला साडेतेवीस. मध्ये चाहूल नाही, इशारा नाही. तेव्हा मोजमापावर विसंबायचं नाही. पोट सांगून बिघडत नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस होता तो. अकरा वर्षं ताक फुंकत होता. किती बाळांना त्या गोष्टीपायी जास्तीचे थेंब गेले असतील, हा हिशेब तिने कधी केला नव्हता. आत्ता, उभ्या उभ्या, तो आपोआप होऊ लागला… आणि त्या सगळ्या रांगेच्या टोकाला, आईच्या छातीवर, पैलवान.

"या सिस्टर होत्या तेव्हा इथे," डॉक्टर म्हणाले. "विचार त्यांना."

दरवेळी इथे ती मान डोलवायची. तेवढंच काम असायचं तिचं त्या गोष्टीत. आज मान हललीच नाही. डॉक्टर मुलगी तिच्याकडे पाहत होती, आई पाहत होती, यंत्रं टिकटिकत होती. वाटलं होतं, असा क्षण आला तर पळून जावंसं वाटेल. तसं काही होत नव्हतं. उलट आत कुठेतरी फार दिवस बंद असलेल्या खोलीची खिडकी कोणी ढकलावी, आणि ती न करकरता सरळ उघडावी, तसं. याच्यापुढे डॉक्टर काय म्हणतील, थेंब थांबतील की चालतील, आपल्याला इथे उभं राहू देतील की नाही, तिला ठाऊक नव्हतं. आणि तरीही उन्हाचा तो पट्टा तिला सुंदर दिसत होता.

"सर, त्या बाळाचं आठ वाजता माप घेतलंच नव्हतं," ती म्हणाली. आवाज रोजचाच निघाला, वजन सांगतानाचा. "बाळ झोपलं होतं. थेंब चालू आहेत, काय होणार, असं वाटलं. मी चारचाच आकडा लिहिला."

डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"पोटाने इशारा दिला असेल, नसेलही," ती म्हणाली. "मी बघितलं नाही."