चिठ्ठीशिवाय उतारा नाही

मित्रांनो, मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे. वरून तपकिरी, खालून पांढरी, आणि काठाला एक टवका उडालेली. माझी पहिली वीस वर्षे कैरीच्या लोणच्यात सुखाने गेली. मग आमच्या घरची माणसे सिल्व्हर पार्कला फ्लॅटमध्ये राहायला गेली, तिथे प्लास्टिकचे डबे आले, आणि मी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले. तिथून मला गुणवंतने उचलले. ही १९८९ची गोष्ट.

भाईंदरला गुणवंतचे दुकान होते. पाटीवर ‘पूजा साहित्य’ लिहिलेले असले, तरी खरे गिऱ्हाईक यायचे ते काळ्या बाहुल्या, बिब्बे, कवड्या आणि मंतरलेले दोरे न्यायला. बाहुल्या टेम्पोने गठ्ठ्यागठ्ठ्याने येत. गुणवंत त्यांना उदबत्तीचा धूर द्यायचा, की झाल्या त्या सिद्ध!

माझ्यात त्याने राख भरली. हॉटेलाच्या भट्टीतली राख, चाळून, वर थोडा कापूर. तोंडाला लाल फडके बांधले आणि मला उंच फळीवर ठेवून नाव दिले, ‘उताऱ्याचे भस्म’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! मला तेव्हा गंमत वाटली, हे कबूल करते. लोणच्याच्या बरणीला कोणी हात जोडत नाही. मला जोडायचे.

गुणवंत हुशार होता. मागेल त्याला दिले तर राखेची किंमत राखेइतकीच राहील, हे त्याने ओळखले. उत्तनच्या धाकू भगताची चिठ्ठी आणल्याशिवाय माझे फडके सुटत नसे. "हवशे, गवशे, नवशे आपल्याला नकोत," तो ऐटीत म्हणायचा. "खरा माल हाय. चुकीच्या हातात गेला तर उलटतो." धाकूचा त्यात वाटा होता, हे सांगायला नकोच. लोक मात्र म्हणत, एवढी बंधने आहेत म्हणजे वस्तू खरी असणार.

एका श्रावणात, सकाळी दहाच्या सुमारास, राई गावचा लीलाधर धापा टाकत दुकानात शिरला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"शेठ, उतारा द्या! पोरीला पान लागलंय."

पान लागणे म्हणजे साप चावणे. त्याच्या आठ वर्षांच्या भाविकाला बांधावर गवत कापताना साप चावला होता.

"कुणी सांगितलं उतारा?" गुणवंतने विचारले.

"डाक्टर बोल्ला. ईखावर उतारा पायजे, माझ्याकडं न्हाय."

गुणवंतचा हात गल्ल्यावर थबकला. तो बारावी शिकलेला. डॉक्टरचा उतारा म्हणजे विष उतरवणारी सुई, हे त्याला कळले होते. मी त्याचा चेहरा पाहिला आहे, म्हणून सांगते. एक वाक्य बोलला असता, तर पुरे होते.

"चिठ्ठी आणलीस?" तो म्हणाला.

"शेठ, पोरगी निळी पडत्ये!"

"मग लवकर जा. धाकूची चिठ्ठी आण. नियम तो नियम."

लीलाधर सायकलवर उत्तनला गेला. मी फळीवर बसून होते. ओरडावेसे वाटले, पण माझे तोंड बांधलेले.

मागचे-पुढचे मला नंतर कळले. डॉक्टर म्हणाले होते, "विषावर उतारा हवा, माझ्याकडे नाही. मोठ्या इस्पितळात मिळेल, लगेच न्या." लीलाधर पहिले वाक्य ऐकूनच धावला होता. डॉक्टरांनी रिक्षा बोलावली, पण आजी हौसाबाईने नातीला घट्ट धरून ठेवले. "तिचा बापूस उतारा आणाय गेलाय, तो आल्याबिगर न्हाय न्यायची." दोन तास रिक्षा दारात उभी होती. शेवटी लीलाधर चिठ्ठी घेऊन दुकानात आला, माझे फडके सुटले आणि चिमूटभर राख पुडीत गेली. ती कपाळाला लावून मग भाविकाला रिक्षात घातले, पण इस्पितळाच्या वाटेवरच ती दगावली.

मला वाटले, आता लोक येतील. दुकान फोडतील, मला आपटतील. मी वाट पाहत होते. कोणीच आले नाही. गावात एवढेच बोलले गेले, "भस्म खरं होतं, चिठ्ठीला उशीर झाला." पुढच्या महिन्यात गुणवंतने मला काचेच्या कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप घातले.

दिवाळीनंतर लीलाधर पुन्हा आला. कडेवर चार वर्षांचा प्रणित, भाविकाचा भाऊ. पोर धडधाकट, हसरे.

"काय झालं याला?" गुणवंतने विचारले.

"काय न्हाय झालं, शेठ," लीलाधर म्हणाला. त्याने खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. "या टायमाला अगोदरच आणलीय. भस्म घरात असूं दे. आता उशीर न्हाय करनार."

मित्रांनो, ती पुडी आजही त्याच्या घरी आहे, आणि प्रणित आता बांधावर जाऊ लागला आहे. इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी विनवते, कोणीतरी या आणि मला फोडा. भर दुपारी, लोकांसमोर फोडा. लीलाधरला बोलावून घ्या, आणि माझ्यात काय आहे ते त्याला दाखवा.